नीलवर पाच रात्री करायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचं पन्नाशीतलं जोडपं आणि सोबत बहात्तर वर्षांची शाकाहारी आई. जानेवारीअखेर आठ दिवस मोकळे आहेत. एजंटने दिलेल्या अंदमानच्या कार्यक्रमात पोर्ट ब्लेअर, रॉस, नॉर्थ बे, बाराटांग, हॅवलॉक, एलिफंट बीच हे सगळं आहे आणि शेवटी नील बेटावर एक रात्र. तुमचं म्हणणं असं की पळापळ नको, एका छोट्या बेटावर निवांत राहायचंय. मग आठवडा नीलवरच काढला तर चालेल का, कंटाळा येईल का आणि आईच्या खाण्याचं काय?

चालेल. मी अंदमानच्या सहली आखून देते. माझ्या अनुभवात नीलवरून लोक नाराज होऊन परततात ते बहुतेक तिथे एकच रात्र राहिल्यामुळे. दुपारी उतरायचं, रिक्षाने तीन किनारे उरकायचे आणि सकाळी बोट पकडायची. अशा माणसाला नील म्हणजे हॅवलॉकची लहान आणि फिकी आवृत्ती वाटणारच.

एजंटच्या कार्यक्रमात चूक काही नाही. बहुतेक गिऱ्हाइकं 'काय काय दाखवणार?' असं विचारतात आणि त्याचं ते उत्तर आहे. तुम्ही ते विचारलेलं नाही, त्यामुळे त्यातलं निम्मं बेधडक काढून टाका. बाराटांगसाठी भल्या पहाटे उठून, जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर गाड्यांच्या ताफ्यात जायचं, चुनखडीची गुहा बघायची आणि त्याच रस्त्याने परत यायचं. आईची पाठ त्या एका दिवसात कामातून जाईल. शिवाय त्या लोकांच्या जंगलातून रोज पर्यटकांची रांग नेणं मला मुळातच पटत नाही, पण ते माझं मत. हॅवलॉकचा राधानगर किनारा सुंदर आहे यात वाद नाही. पण त्यासाठी आणखी एक हॉटेल, आणखी एक बोट आणि दोनदा सामान आवरणं आलं. या खेपेला सोडा.

मग आठ दिवसांचा सांगाडा असा: पहिली रात्र पोर्ट ब्लेअर, मधल्या पाच रात्री नील, शेवटची रात्र पुन्हा पोर्ट ब्लेअर. शेवटच्या रात्रीवर लोक हमखास वाद घालतात. 'सकाळी नीलहून बोट, दुपारी विमान, मग एक रात्र फुकट का घालवायची?' वारा वाढला की बोटी रद्द होतात किंवा उशिरा सुटतात, आणि विमान तुमच्यासाठी थांबत नाही. जानेवारीत समुद्र बहुधा शांत असतो, तरी बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की दोन-दोन दिवस बोटी बंद राहू शकतात. ती रात्र सहलीचा विमा समजा. पहिल्या दिवशी विमानातून उतरून संध्याकाळी सेल्युलर जेल बघता येतं. मराठी माणूस ते चुकवत नाही आणि चुकवूही नये. सावरकर १९११ ते १९२१ तिथे होते. त्यांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर अगदी टोकाला आहे, जिने चढावे लागतात. आईंना जमलं तर ठीक, नाहीतर खालच्या अंगणातला ध्वनिप्रकाश कार्यक्रम पुरतो.

आता बेटाविषयी. कागदोपत्री नीलचं नाव ३० डिसेंबर २०१८ पासून शहीद द्वीप आहे, हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. तिकिटावर यातलं कुठलंही नाव दिसेल, गोंधळू नका. जुनं नाव १८५७ चा उठाव चिरडणाऱ्या जेम्स नील या इंग्रज अधिकाऱ्याचं. आजूबाजूच्या बेटांना हॅवलॉक, आउट्रम, लॉरेन्स ही त्याच पंगतीतली नावं. बेटावरची गावं मात्र सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर आणि रामनगर, आणि मध्ये बाजाराचं नील केंद्र. १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासित बंगाली कुटुंबांना सरकारने इथे जमीन देऊन वसवलं. आज तिथे भेटणारी बरीच माणसं त्या कुटुंबांच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीतली. घरात बंगाली, बाहेर हिंदी. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या तीन हजारांच्या आसपास होती. जमीन सपाट आणि सुपीक, त्यामुळे अंदमानची भाजी पिकवणारं बेट अशीच नीलची ओळख आहे. रस्त्याने जाताना एका बाजूला सुपारीच्या बागा, दुसऱ्या बाजूला भात काढून झालेली शेतं आणि वांगी-दुधीचे वाफे दिसतात. या टोकाहून त्या टोकाला सायकलने रमतगमत गेलं तरी पाऊण तासाच्या आत पोहोचता. म्हणजे 'प्रेक्षणीय स्थळं' म्हणाल तर सगळं नील एका दिवसात संपतं. उरलेले दिवस कशाने भरायचे हे समुद्र ठरवतो, आणि ते समजलं की पाच रात्री कमीच वाटतात.

त्याआधी घड्याळाचं बघा. अंदमान भारताच्या मुख्य भूमीपासून इतकं पूर्वेला आहे, पण वेळ आपलीच. जानेवारीअखेर तिथे पावणेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो आणि सव्वापाचला मावळतो. नाशिकला त्या दिवसांत सूर्यास्त साडेसहाच्या आसपास असतो. पहिल्या दिवशी हा फरक सगळ्यांना फसवतो. दुपारचं जेवण दोनला, मग डुलकी, साडेचारला चहा आणि किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत काळोख. म्हणून पाच दिवस सगळा दिनक्रम तासभर अलीकडे ओढून जगा. पाचला उठा, साडेअकराला जेवा, रात्री नऊला झोपा. बेटावरचे लोकही तसेच राहतात. सकाळी सहाला नील केंद्रातली चहाची दुकानं उघडलेली असतात आणि रात्री नवानंतर बाजारात कुत्रीसुद्धा दिसत नाहीत.

आता भरती-ओहोटी. नीलवरचा आठवडा मी आखते तो याच्यावर. 'दिवस दुसरा: भरतपूर, दिवस तिसरा: नॅचरल ब्रिज' अशी यादी तिथे कुचकामी, कारण एकाच जागेचं सहा तासांत रूप पालटतं. भरतपूरचा किनारा धक्क्याला लागून आहे. पाणी उथळ, तळाला प्रवाळ आणि समुद्री गवत. भरतीला तिथे छातीएवढ्या स्वच्छ पाण्यात पोहता येतं. ओहोटीला तेच पाणी घोट्यापर्यंत येतं, प्रवाळ उघडं पडतं आणि पोहायला आलेली माणसं त्यावर पाय कापून घेतात. उलट लक्ष्मणपूर क्रमांक दोन या किनाऱ्यावरचा नॅचरल ब्रिज, म्हणजे प्रवाळी चुनखडीची नैसर्गिक कमान, ओहोटीलाच गाठता येतो. स्थानिक बंगाली मंडळी तिला हावडा ब्रिज म्हणतात. भरतीत कमानीपर्यंतची खडकाळ वाट पाण्याखाली असते. तरी भर भरतीला तिथे नेऊन 'हा बघा ब्रिज' म्हणून लांबून बोट दाखवणारे गाडीवाले आहेतच.

म्हणून नियम एकच ठेवा. रोज रात्री दुसऱ्या दिवशीच्या भरती-ओहोटीच्या वेळा बघायच्या. भरतीची वेळ सकाळी असेल तर भरतपूरला पोहायला, ओहोटी असेल तर लक्ष्मणपूरच्या खडकांवर. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे पाच दिवसांत आपोआप दोन्ही पदरात पडतं. एकच रात्र राहणाऱ्याला ते नशिबावर सोडावं लागतं. नीलच्या वेळा वेगळ्या शोधत बसू नका, पोर्ट ब्लेअरचं कोष्टक पुरेसं आहे. फरक पडला तर थोड्या मिनिटांचा.

कोकणातल्यांना तिथीच्या पाऊणपटीचा हिशेब ठाऊक असतो, पंचमीला पावणेचारच्या सुमारास भरती वगैरे. तो हिशेब आपल्या किनाऱ्याचा आहे. अंदमानात तीच तिथी असली तरी भरती वेगळ्या वेळी येते, तेव्हा वेळेसाठी तो वापरू नका. उधाण आणि भांग मात्र तिथेही तिथीवरच चालतात, म्हणून जाण्याआधी कालनिर्णय उघडून बघाच. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, तेव्हा पोर्ट ब्लेअरला पाणी दोनेक मीटर वरखाली होतं आणि ओहोटी खूप खोल जाते. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा फरक मीटरभरही नसतो. नॅचरल ब्रिज बघायला उधाणाचे दिवस उत्तम. भांगाच्या ओहोटीत खडक पुरते उघडे पडत नाहीत. पाच रात्रींपैकी दोन तरी पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या जवळ येतील अशा तारखा निवडता आल्या तर सोन्याहून पिवळं.

त्या खडकांवर नेमकं काय बघायचं, तेही सांगते, कारण बहुतेक लोक कमानीखाली फोटो काढून वळतात. कमान ही निमित्तमात्र. ओहोटीच्या सर्वात खालच्या वेळेच्या दीड तास आधी तिथे पोहोचा आणि पाणी जसजसं मागे सरेल तसतसं त्याच्या मागून जा. खडकांच्या खळग्यांत पाणी साचून राहतं. एकेका खळग्यापाशी उकिडवं बसून पाच मिनिटं हलू नका. आधी काहीच दिसत नाही. मग तळाला पडलेलं काळं, बोटभर जाड कातडं सरकतं, ती समुद्रकाकडी असते. फटीतून दोन बारीक केसाळ बाहू बाहेर येऊन वाळू चाचपतात, तो ब्रिटल स्टार, तारामाशाचा भाऊबंद. खडकात रुतलेला मोठा शिंपला दिसला तर बघा: दोन शिंपांच्या मध्ये निळ्या-जांभळ्या, ठिपक्याठिपक्यांच्या मांसल ओठांसारखी कड पसरलेली असते. तुमची सावली तिच्यावर पडली की ती झटकन आत ओढली जाते. दोन-तीन मिनिटं सावली बाजूला ठेवून थांबलात तर पुन्हा हळूहळू पसरते. माझ्या मते नीलवर बघण्यासारखं सगळ्यात सुंदर हेच, आणि बहुतेक गट त्याच्यावरून उडी मारून पुढे जातात.

तिथे वाटाडे मिळतात. घ्या एखादा, जागा त्यांना पाठ असतात. पण आधीच सांगून ठेवा की कुठलाही जीव उचलून हातात द्यायचा नाही. फोटोसाठी समुद्रकाकडी हातोहात फिरते आणि संध्याकाळपर्यंत त्या बिचारीचं काय होत असेल ते सांगायला नको. पायात मागे पट्टा असलेले, रबरी तळव्याचे सँडल घाला. साध्या चपला शेवाळावर घसरतात आणि अनवाणी पाय कापतो. ओहोटीची सर्वात खालची वेळ टळली की परतीला लागा. पाणी मागच्या बाजूने कधी भरलं ते कळत नाही.

आई या वाटेला नकोत. खाली उतरायला पायवाट आणि पायऱ्या आहेत, त्यापुढे मात्र सगळा निसरडा, खाचखळग्यांचा खडक आहे. त्यांच्यासाठी पर्याय वाईट नाहीत. भरतपूरला काचेच्या तळाच्या नावा आहेत. त्यात बसून प्रवाळ आणि मासे बघता येतात, पाय ओला करायचा तो फक्त चढताना. नाव चालायला पाणी पुरेसं हवं, म्हणून भरतीच्या सुमारास जा. लक्ष्मणपूर क्रमांक एकचा पांढऱ्या वाळूचा लांब किनारा चालायला सपाट आहे आणि सूर्यास्त तिथलाच. खुर्ची मागितली की शहाळंवाले देतात, शहाळं घेतलंत की. सीतापूर पूर्वेला, उघड्या समुद्राकडे तोंड करून. सूर्योदय तिथून बघायचा, पण लाटा जोरात असल्याने पोहायला ती जागा नाही. सूर्योदयासाठी पहाटे पाचला रिक्षा हवी तर आदल्या संध्याकाळीच ठरवून ठेवा, पहाटे ऐनवेळी मिळत नाही.

बेटावर गर्दीचीही भरती-ओहोटी असते, आणि ती बोटींच्या वेळापत्रकावर चालते. सकाळच्या बोटीने दिवसभराचे पाहुणे उतरतात. त्यानंतरचे दोन-तीन तास भरतपूरवर वॉटर स्कूटरचा घोंघाट, भोंगे आणि लाइफ जॅकेट घालून रांगेत उभी माणसं. दुपारच्या बोटीने त्यातली बरीचशी जातात आणि किनारा पुन्हा जागेवर येतो. तुम्ही राहायला आहात, तेव्हा गर्दीच्या वेळी तिथे फिरकायचंच नाही. तेव्हा जेवा, झोपा, किंवा रामनगरच्या बाजूला सायकल घेऊन जा. तिकडे फारसं कुणी येत नाही.

वाहनाचं म्हणाल तर तुम्हा दोघांना सायकली घ्या. बेट सपाट आहे, रस्ते अरुंद पण बरे आहेत आणि स्कूटरवरून चाळीसच्या वेगाने गेलात तर दहा मिनिटांत रस्ता संपतो. मग पुढे काय, हा प्रश्न पुन्हा उभा. सायकल घेताना ब्रेक आणि सीटची उंची तिथेच तपासा. खारी हवा लोखंडाला खाते, भाड्याच्या सायकलींची साखळी बहुधा कुरकुरतेच. आईंना घेऊन जाताना रिक्षा.

कंटाळ्याबद्दल विचारलंत ते बरं केलंत. येतो. साधारण तिसऱ्या दिवशी दुपारी. पहिले दोन दिवस नव्याची नवलाई असते, मग अचानक वाटायला लागतं की आता इथे उरलंय काय, हॅवलॉकची बोट मिळतेय का बघू. त्या दुपारी निर्णय घेऊ नका. जे टिकतात त्यांना चौथ्या दिवसापासून चहावाला ओळखायला लागतो, कुठल्या वळणावर कुठला कुत्रा अंगावर धावून येतो ते ठाऊक होतं आणि 'आज काय करायचं' हा प्रश्न आपोआप बंद पडतो. तरी तिसऱ्या दिवसासाठी एखादा ठरलेला कार्यक्रम राखून ठेवावा असं मी सांगते. पाण्याखाली जायची हौस असेल तर स्कूबा त्या दिवशी ठेवा. पोहता येत नसलं तरी प्रशिक्षक हाताला धरून नेतात, पण प्रकृतीचा फॉर्म खरा भरा. रक्तदाबाची गोळी, दमा, कानाची शस्त्रक्रिया लपवून पाण्याखाली जाणं म्हणजे जिवाशी खेळ. आणि स्कूबा शेवटच्या दिवशी नको. पाण्याखाली दाबामुळे रक्तात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो, तो शरीराबाहेर पडायला वेळ लागतो. विमानात हवेचा दाब कमी असतो, तिथे त्याचे बुडबुडे झाले की सांधे दुखण्यापासून पुढे काहीही होऊ शकतं. पाण्याबाहेर आल्यावर विमानापर्यंत निदान अठरा तास जाऊ द्यायचे. तुमच्या आखणीत परतीची रात्र पोर्ट ब्लेअरला असल्याने हे आपोआप जमतं.

पोहताना समुद्री गवतावर पाय रोवून उभे राहू नका. ते गवत म्हणजे डुगाँगचं अन्न. डुगाँग हा अंदमान-निकोबारचा राज्यप्राणी आणि नीलच्या आसपासची गवताची कुरणं त्याची चरण्याची जागा आहे. तो तुम्हाला दिसेल अशी आशा मात्र धरू नका, फार लाजाळू आणि फार थोडे उरलेत. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरीही आहेत. खाडीच्या तोंडाशी आणि खारफुटीजवळ पाण्यात उतरायचं नाही, पाटी असो नसो. काळोख पडल्यावर तर कुठेच नाही, आणि काळोख साडेपाचला पडतो हे ध्यानात असू द्या.

आता आईंचं जेवण. भाजीचं बेट असल्यामुळे शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत, उलट पोर्ट ब्लेअरपेक्षा ताजी भाजी मिळते. नील केंद्रात सकाळी बाजार भरतो तेव्हा एकदा चक्कर मारा. ज्या छोट्या खानावळीत जेवायचं ठरवाल तिथे सकाळीच सांगून ठेवलं की दुपारी हवी ती भाजी करून देतात. फक्त 'नॉन-व्हेज नको' एवढं सांगून भागत नाही. 'निरामिष' म्हणा, आणि डाळीचं वेगळं विचारा, कारण डाळीत माशाचं डोकं घालून शिजवायची बंगाली पद्धत आहे. आईंना तेच ताट-पळ्याही चालणार नसतील तर हॉटेलातल्या शुद्ध शाकाहारी स्वयंपाकघराची चौकशी आरक्षणाआधीच करा. बेगुन भाजा, म्हणजे वांग्याचे तळलेले काप, आणि खसखशीतला बटाटा त्यांना आवडेल असं वाटतं. भात सगळीकडे, पोळी बेताची. मेतकूट, लोणचं आणि भडंग सोबत न्याच. पाचव्या दिवशी मेतकूट-भाताची किंमत कळते. तुम्ही दोघं मासे खात असाल तर सकाळी आलेली मासळी काय आहे ते विचारून मगच सांगा, मेनूकार्डावर बोट ठेवू नका.

औषधांचा डबा भरून न्या. बेटावर सरकारी आरोग्य केंद्र आहे, पण मोठं काही झालं तर पोर्ट ब्लेअरच्या गोविंद वल्लभ पंत रुग्णालयात जावं लागतं, म्हणजे पुन्हा बोट आली. आईंना हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला आणि ते बिचकले तर पोर्ट ब्लेअरलाच राहून आसपासचं बघा.

एक लहानसा शत्रू आहे, वाळूतली माशी. दिसत नाही, चावताना कळत नाही, दुसऱ्या दिवशी मात्र पोटऱ्यांवर लाल गाठी उठतात आणि चार-पाच दिवस खाज जात नाही. पहाटे आणि संध्याकाळी, ओल्या वाळूवर, वाहून आलेल्या शेवाळाजवळ त्यांचा जोर. उघड्या वाळूवर लोळू नका, चादर अंथरा आणि त्या वेळी पायघोळ कपडे घाला. खोबरेल तेलाचा जाड हात फिरवला तर बराच उपयोग होतो, स्थानिक लोक तेच करतात.

बोटींचं थोडक्यात. पोर्ट ब्लेअर ते नील खासगी बोटीने एक-दीड तास, सरकारीने दोन तासांच्या आसपास. खासगी बोट बंदिस्त, वातानुकूलित आणि आरक्षणाला सोपी. सरकारी बरीच स्वस्त आणि तिच्या उघड्या डेकवर वारा खात उभं राहता येतं, पण हंगामात तिचं तिकीट मिळवणं हेच एक काम होऊन बसतं. आई सोबत आहेत, खासगीच घ्या. बोट लागते त्यांनी अर्धा तास आधी गोळी घ्यावी आणि मागच्या बाजूला, मध्यभागी बसावं, तिथे हेलकावे कमी जाणवतात. खिडकीजवळच्या पुढच्या जागेसाठी धडपडणारे पुष्कळदा पिशवी मागताना दिसतात. धक्क्यावर सामान घेऊन बरंच चालावं लागतं, आईंच्या हातात काही देऊ नका.

खोली निवडताना समुद्राच्या दर्शनासाठी जादा पैसे मोजायचं कारण नाही. दिवसाचा बहुतेक वेळ तुम्ही बाहेरच असणार आणि कुठूनही समुद्र सायकलवर दहा-पंधरा मिनिटांत. त्याऐवजी तळमजल्याची खोली, पाश्चात्त्य पद्धतीचं शौचालय, दारात बसायला ओसरी, वीज गेली तर जनरेटर खोलीतल्या पंख्याला चालतो का, आणि गरम पाणी किती वाजता, एवढं विचारा. नील केंद्रापासून चालत जाता येईल अशी जागा घ्या, म्हणजे संध्याकाळी चहाला किंवा औषधाला रिक्षा शोधावी लागत नाही. रोख रक्कम पोर्ट ब्लेअरहूनच काढून न्या. मोबाइलला रेंज येते-जाते, आणि ऐन गर्दीच्या वेळी दुकानदाराचं यंत्र हात वर करतं.

शंख-शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे उचलून आणू नका, मेलेले असले तरी. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतं. विमानतळावर सामान तपासताना सापडलं तर काढून घेतात, वर चौकशी मागे लागते. आईंना देव्हाऱ्यासाठी शंख हवाच असेल तर पोर्ट ब्लेअरच्या सरकारी हस्तकला दुकानातून घ्या आणि पावती जपून ठेवा.

आरक्षणाचा क्रम असा ठेवा: आधी कालनिर्णयात तिथी बघून तारखा, मग विमान, मग लगेच दोन्ही बोटी, आणि खोली सगळ्यात शेवटी. २६ जानेवारीला जोडून सुट्ट्या येत असतील तर त्या टाळून पुढच्या आठवड्यात जा, खोलीही स्वस्त पडेल. आणि एजंटला कार्यक्रम बदलायला सांगताना मधल्या पाच दिवसांसमोर काहीच लिहू नका असं बजावून सांगा. मोकळी जागा दिसली की ते तिथे एलिफंट बीच घालतात.